शिट्टी, बासरी आणि नळीची रुंदी

रस्त्यावर बासऱ्या विकणारा फेरीवाला दिसला, की त्याच्या काठीला खोचलेल्या बासऱ्या जरा नीट पाहा. लांब बासरी जाड असते, आखूड बासरी बारीक असते. पेन्सिलीएवढी बारीक आणि हातभर लांब, किंवा मनगटाएवढी जाड आणि वीतभर आखूड, अशी बासरी त्याच्याकडे सहसा मिळत नाही. सूर खाली न्यायचा तर नळी लांब करावी लागते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मग लांबीबरोबर नळीची आतली रुंदीही का वाढवावी लागते?

प्रश्न संगीताचा वाटतो. पण रोज स्टेथोस्कोप कानाला लावून नळ्यांतून ये-जा करणारी हवा ऐकणाऱ्या डॉक्टरला तो अगदी घरचा आहे. आपली छाती म्हणजे लहानमोठ्या नळ्यांचे उलटे झाडच आहे. दम्याचा रुग्ण ‘छातीत शिट्टी वाजते’ असे म्हणतो, तेव्हा तोही नळीच्या रुंदीबद्दलच काही सांगत असतो. ते काय, हे समजून घेण्यासाठी आधी खरी शिट्टी समजून घ्यावी लागेल.

नळीतला सूर कुठून येतो?

शिट्टी म्हटले की आपल्याला पोलिसांची किंवा कुकरची शिट्टी आठवते. पण सूर वाजवण्याची शिट्टीही असते. आपल्याकडचे अलगूज हे त्याच जातीचे वाद्य. आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये ‘टिन व्हिसल’ किंवा ‘पेनी व्हिसल’ नावाची पत्र्याची किंवा पितळेची शिट्टी लोकसंगीतात घरोघरी वाजते. तिला सहा भोके असतात. वरच्या टोकाला चोचीसारखे तोंड असते. आपण फुंकलेली हवा त्यातल्या अरुंद फटीतून पातळ पट्टीसारखी बाहेर पडते आणि समोरच्या धारदार कडेवर आदळते. ही हवेची पट्टी कडेच्या कधी आत, कधी बाहेर अशी झुलू लागते आणि नळीतल्या हवेच्या स्तंभाला झोके देते. बासरीतही हेच घडते. फरक एवढाच, की तिथे फट आपल्या ओठांनी तयार करायची असते. म्हणून अलगूज पहिल्याच फुंकरीला वाजते आणि बासरीला सूर धरायला काही दिवस जातात.

सुराची उंची प्रामुख्याने नळीच्या लांबीवर ठरते. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या नळीत ध्वनिलहरीची अर्धी लांबी मावते. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या ‘डी’ टिन व्हिसलचा तळाचा सूर सुमारे ५८७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५८७ कंपनांचा असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर अर्धी लहर साधारण २९ सेंटिमीटर भरते. प्रत्यक्षात शिट्टीची वाजणारी लांबी याहून थोडी कमी असते, कारण हवेचे कंपन नळीच्या टोकाशी गपकन थांबत नाही. ते थोडे बाहेरही पसरते.

इथे रुंदीचा पहिला परिणाम दिसतो. उघड्या टोकाबाहेर पसरलेला हा भाग नळीच्या व्यासाच्या साधारण तीन दशांश असतो. नळी १२ मिलिमीटर रुंद असेल तर सुमारे साडेतीन मिलिमीटर, २२ मिलिमीटर असेल तर साडेसहा. म्हणजे सारख्याच लांबीच्या दोन नळ्या घेतल्या, तर रुंद नळीचा सूर किंचित उतरलेला लागतो. फुंकायच्या बाजूला हा परिणाम आणखी मोठा असतो. पण हा झाला बारीकसारीक हिशेब. रुंदीचे खरे काम सुराची उंची ठरवण्याचे नसून त्याचा पोत ठरवण्याचे आहे.

अरुंद नळी, रुंद नळी

कोणताही सूर एकटा नसतो. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात. त्यांचे प्रमाण बदलले की तोच ‘सा’ कधी टोकदार, कधी गोल, कधी पोकळ ऐकू येतो. नळीची रुंदी हे प्रमाण बदलते.

नळीत कंपणाऱ्या हवेची ऊर्जा दोन वाटांनी खर्च होते. पहिली वाट भिंतीची. नळीच्या भिंतीला चिकटलेला हवेचा अगदी पातळ थर घर्षणामुळे आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीमुळे ऊर्जा खातो. मध्यम उंचीच्या सुराला हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. रुंद नळीत त्याचे फारसे काही वाटत नाही. पण नळी जसजशी अरुंद होते, तसतसा आतल्या एकूण हवेत या आळशी थराचा वाटा वाढत जातो. दुसरी वाट उघड्या टोकाची. तिथून ध्वनी बाहेर पडतो, म्हणून तर तो आपल्याला ऐकू येतो. तोंड जितके रुंद आणि सूर जितका वरचा, तितकी ही गळती जास्त.

आता दोन्ही एकत्र पाहा. अरुंद नळीत खालच्या सुरांची ऊर्जा भिंत खाते, पण वरचे उपस्वर आतच टिकून घुमत राहतात. त्यामुळे तिचा आवाज चमकदार, थोडा टोकदार लागतो. फुंकर जरा वाढवली की सूर सहज वरच्या सप्तकात उडी मारतो. मात्र तळाचे सूर बारीक लागतात आणि जोरात फुंकले तर टिकत नाहीत. रुंद नळीत उलटे होते. मूळ सूर भरदार येतो, वरचे उपस्वर टोकातून निसटतात, म्हणून आवाज गोल आणि घनदाट लागतो. पण वरच्या सप्तकात जायचे तर छाती भरून श्वास लागतो आणि तिथे सूर किंचाळण्याची भीती असते.

टिन व्हिसल वाजवणाऱ्यांमध्ये अरुंद नळीची घ्यावी की रुंद नळीची, यावर रंगून चर्चा होतात. फरक किती असतो? एकाच सुराच्या शिट्ट्यांमध्ये जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण १२ मिलिमीटरची नळी १४ मिलिमीटरची केली, की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ तब्बल ३६ टक्क्यांनी वाढते. नळीच्या जगात मिलिमीटर फार मोठे असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, छातीकडे वळू तेव्हा ते पुन्हा उपयोगी पडेल.

पत्र्याची शिट्टी आणि बांबूचे ऋण

कारखान्यात बनणाऱ्या टिन व्हिसलचा इतिहास इंग्लंडच्या रॉबर्ट क्लार्क यांच्यापासून सांगितला जातो. त्यांनी १८४३ मध्ये पत्रा गुंडाळून शिट्ट्या बनवायला सुरुवात केली. त्यांची नळी सरळ नव्हती, तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळती होत जाणारी होती. या निमुळतेपणाचा फायदा असा, की खालचे आणि वरचे सप्तक एकमेकांशी सुरात जुळवणे सोपे जाते. सरळ आणि रुंद नळीत वरचे सप्तक थोडे उतरते. नळी कुठे रुंद आणि कुठे अरुंद, यावरही सूर अवलंबून असतो तो असा.

पुढची गोष्ट आपल्याला जवळची आहे. आयर्लंडचे कलाकार फिनबार फ्युरी यांच्याकडे बांबूचे एक भारतीय वाद्य होते आणि ते त्यांचे फार लाडके होते. दौऱ्यात ते मोडले. तेव्हा इंग्लंडमधील बर्नार्ड ओव्हरटन यांनी १९७१ मध्ये धातूच्या नळीतून तसा खर्जाचा आवाज देणारी शिट्टी त्यांच्यासाठी घडवली. आज जी ‘लो व्हिसल’ म्हणून ओळखली जाते, तिचा हा उगम. आयरिश संगीतातल्या त्या उदास, धुक्यासारख्या आवाजामागे असा एक भारतीय बांबू आहे.

लो व्हिसल साध्या शिट्टीपेक्षा बरोबर एक सप्तक खाली वाजते. म्हणजे तिची लांबी जवळजवळ दुप्पट. मग रुंदीही दुप्पट करायची का? या प्रश्नाचे उत्तर शिट्टीच्या कारागिरांआधी चर्चमधले पाइप ऑर्गन बनवणाऱ्यांनी शोधले होते. ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. शेकडो नळ्यांचा आवाज एकाच घराण्याचा वाटायला हवा असेल, तर लांबीबरोबर रुंदी कोणत्या प्रमाणात बदलायची, याचे गणित एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या योहान गॉटलोब ट्योप्फर यांनी मांडले. त्यांच्या हिशेबात एक सप्तक खाली जाताना व्यास दुप्पट न होता सुमारे १.६८ पट होतो. साध्या शिट्टीची नळी १२ मिलिमीटर असेल, तर या नियमाने लो व्हिसलची नळी २० मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. बाजारात मिळणाऱ्या लो व्हिसल साधारण याच आकड्याच्या जवळपास असतात. त्याच ऑर्गनमध्ये कारागीर मुद्दाम या प्रमाणापेक्षा अरुंद नळ्या करतो तेव्हा त्यांचा आवाज तंतुवाद्यासारखा खरखरीत येतो, आणि रुंद करतो तेव्हा बासरीसारखा गोल येतो.

पाश्चात्त्य बासरीला आजचे रूप देणारे म्युनिकचे थिओबाल्ड बोम यांनाही हीच कसरत करावी लागली. ते बासरीवादक होते आणि सोनारकामही जाणत होते. १८४७ मध्ये त्यांनी सरळ नळीची बासरी तयार केली. २० मिलिमीटरच्या नळीत खालची दोन सप्तके सुंदर वाजत होती, पण तिसरे अवघड जात होते. शेवटी त्यांनी १९ मिलिमीटरवर तडजोड केली. आजही जगभरच्या धातूच्या बासऱ्या याच मापाच्या आहेत. एका मिलिमीटरचा त्याग करून एक सप्तक मिळाले!

बासरीवाल्याची निवड

आपल्या बासरीची कहाणी थोडी वेगळी आहे. पत्र्याची किंवा धातूची नळी हवी त्या मापाची बनवता येते. बांबूची पोकळी मात्र निसर्ग ठरवतो. कारागीर लांबी कापू शकतो, भोके पाडू शकतो, आतून थोडे घासू शकतो. रुंदी त्याला निवडावी लागते, घडवता येत नाही. दोन पेरांमधले अंतर लांब, भिंत पातळ आणि पोकळी शक्य तितकी सारखी असलेला बांबू त्याला हवा असतो. आसामच्या सिल्चर भागातून असा बांबू उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला जातो आणि तिथल्या बासऱ्या देशभर विकल्या जातात. ढिगातून एकेक बांबू उचलून त्याच्या आत डोकावून पाहणारा कारागीर खरे तर त्या नळीचा सूर आधीच डोळ्यांनी ऐकत असतो.

विसाव्या शतकात पन्नालाल घोष यांनी बासरीला शास्त्रीय संगीताच्या मैफलीत बसवले. १९११ मध्ये बारिसालला जन्मलेले पन्नालालजी १९४० मध्ये मुंबईला आले. ख्याल गायकीतला संथ, गंभीर आलाप लहान बासरीवर उतरत नव्हता. वेगवेगळे साहित्य आणि मापे तपासत ते सुमारे ३२ इंच लांबीच्या बासरीपर्यंत पोहोचले. लांबी वाढली तशी रुंदीही वाढली. आज मैफलीत वाजणाऱ्या ‘पांढरी तीन’च्या बासरीची पोकळी साधारण एक इंचाची असते. हाच बांबू अर्धा इंच रुंद असता, तर मंद्र सप्तकातला तो भरलेला आवाज मिळाला नसता. खालचे सूर वाफेसारखे विरले असते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. बहुतेक चांगल्या शिट्ट्या आणि बासऱ्यांची लांबी त्यांच्या आतल्या रुंदीच्या वीस ते तीस पट भरते. त्या पट्ट्यात राहिले, की तळाचा सूरही टिकतो आणि वरचे सप्तकही हाताशी राहते.

बासरी चांदीची, पितळेची की बांबूची, यावर लोक पुष्कळ बोलतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबे आणि लाकूड यांपासून आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या तयार केल्या आणि त्या वादकांना व श्रोत्यांना न दाखवता ऐकवल्या. कोणालाही त्या विश्वासाने वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. नळी कशाची आहे यापेक्षा आतली पोकळी कशी आहे, हे महत्त्वाचे.

एका शिट्टीने कानांची परीक्षा

अतिशय बारीक नळीची एक शिट्टी वैद्यकातही येऊन गेली. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ च्या सुमारास माणसाला किती उंच सूर ऐकू येतो हे तपासण्यासाठी तिची रचना केली. इतका उंच सूर काढायचा तर नळी काही मिलिमीटरच लांब ठेवावी लागते. मग ती रुंद ठेवून कशी चालेल? रुंदी लांबीच्या जवळ गेली, की ती शिट्टी राहत नाही. म्हणून गाल्टनने पोकळी अगदी अरुंद ठेवली आणि लांबी कमी-जास्त करण्यासाठी मागे सरकणारा दट्ट्या बसवला. वय वाढते तसे वरचे सूर ऐकू येईनासे होतात, हे त्याने या शिट्टीने दाखवले. पुढे कित्येक वर्षे कानाच्या डॉक्टरांकडे ही शिट्टी असे. आता ऑडिओमीटर आले, पण निष्कर्ष तोच आहे. साठीनंतर ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असेल, तर ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या उंच कंपनांच्या व्यंजनांना कान मुकत आहेत, असे समजावे आणि तपासणी करून घ्यावी.

छातीतली शिट्टी म्हणजे पिपाणी

आता छातीकडे वळू. स्टेथोस्कोपचा जनक, फ्रान्सचा डॉक्टर रेने लेनेक, स्वतः बासरी वाजवत असे. १८१६ मध्ये त्याने आधी कागदाची गुंडाळी आणि मग लाकडाची पोकळ नळी रुग्णाच्या छातीला लावून आतले आवाज ऐकले. शिट्टीसारख्या आवाजाचे वर्णनही त्याने करून ठेवले. त्यानंतर दीडशे वर्षे डॉक्टर मंडळी असेच समजत होती, की श्वासनलिका अरुंद झाली की ती शिट्टीसारखी वाजते आणि नळी जितकी बारीक, तितका सूर उंच.

वर केलेला हिशेब इथे लावून पाहू. दम्यातला आवाज कधी कधी १५० हर्ट्झइतका खालचा असतो. शिट्टीच्या नियमाने हा सूर काढायला सव्वा मीटरच्या जवळपास लांब नळी लागेल. एक टोक बंद धरले तरी अर्ध्या मीटरहून जास्त. प्रौढ माणसाची मुख्य श्वासनलिका साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद असते, बोमच्या बासरीपेक्षा किंचित अरुंद! पुढे ती दुभंगत जाते आणि एवाल्ड वायबेल यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार असे २३ वेळा विभाजन होते. सोळाव्या विभाजनाला नळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरते. इतक्या आखूड, बारीक नळ्यांतून शिट्टीच्या पद्धतीने तो खालचा सूर निघणेच शक्य नाही.

ब्रिटिश डॉक्टर पॉल फोरगाक्स यांनी १९६०-७० च्या दशकांत हे कोडे उलगडले. बासरीत हवेऐवजी हेलियम भरला, तर सूर वर चढतो, कारण हेलियममध्ये ध्वनी जास्त वेगाने जातो. रुग्णाला हेलियमचे मिश्रण श्वासात दिले तेव्हा छातीतला सूर मात्र तसा चढला नाही. म्हणजे सूर हवेच्या स्तंभाचा नव्हता. तो नळीच्या भिंतीचा होता. सूज आणि आकुंचनामुळे श्वासनलिकेच्या भिंती एकमेकींना टेकण्याइतक्या जवळ येतात आणि जोराने जाणाऱ्या हवेमुळे फडफडू लागतात. लहान मुलांच्या पिपाणीतली जिभली थरथरते तसेच हे आहे. फोरगाक्स यांनीही नेमकी खेळण्यातल्या पिपाणीचीच उपमा दिली होती. छातीत वाजते ती शिट्टी नसून पिपाणी असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पिपाणी वाजायला दोन गोष्टी लागतात. जवळ आलेल्या भिंती आणि त्यांच्यामधून पुरेशा वेगाने जाणारी हवा. दम्याचा झटका फार तीव्र झाला, की हवाच इतकी कमी जाते की आवाज बंद होतो. घरच्यांना वाटते, शिट्टी थांबली, आता बरे वाटते आहे. प्रत्यक्षात हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. आम्ही त्याला ‘शांत छाती’ म्हणतो. म्हणून दम्यात आवाजावर भरवसा ठेवू नका, माणसाकडे पाहा. एका दमात वाक्य पूर्ण करता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, रुग्ण थकून गुंगीत जातो, किंवा झटक्यावर वापरायचा इन्हेलर घेऊनही फरक पडत नाही, यांतले काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा किंवा रुग्णालय गाठा. तोपर्यंत रुग्णाला बसवून ठेवा आणि इन्हेलर स्पेसरमधून देत राहा.

उलटही लक्षात ठेवावे. शिट्टीचा आवाज म्हणजे प्रत्येक वेळी दमाच असतो असे नाही. हृदयाचा विकार, धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने झालेला फुप्फुसाचा आजार, नळीत अडकलेली वस्तू यांमुळेही तो येतो. पहिल्यांदाच आवाज येत असेल तर तपासणीशिवाय निदान करू नये.

मिलिमीटरचे मोल

शिट्टीत दोन मिलिमीटरनी पोत बदलतो. श्वासनलिकेत एका मिलिमीटरवर जीव अवलंबून असतो. हवा संथपणे वाहत असताना नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट किंवा चौपट न होता सोळापट होतो. तान्ह्या बाळाचा घशाखालचा श्वासमार्ग साधारण चार मिलिमीटर रुंद धरू. सर्दी-खोकल्यात चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, की उरतात दोन मिलिमीटर, आणि विरोध सोळापट. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या मार्गात तेवढीच सूज आली, तर विरोध तिप्पटच वाढतो. घरात सगळ्यांना एकच सर्दी होते, पण बाळच का धापा टाकते, याचे उत्तर या गणितात आहे. बाळ श्वास आत घेताना घोगरा, कर्कश आवाज येत असेल तर थांबू नये.

याच संदर्भात खेळण्यांमधल्या शिट्टीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. दाबले की वाजणाऱ्या रबरी बाहुल्या, फुग्याला लावलेल्या पिपाण्या, जत्रेतली स्वस्त खेळणी यांच्यात प्लॅस्टिकची चिमुकली शिट्टी असते. ती सुटते, मूल तोंडात घालते आणि हसताना किंवा रडताना ती श्वासनलिकेत जाते. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून वस्तू अनेकदा उजवीकडे जाते. शिट्टी पोकळ असल्याने तिच्यातून हवा ये-जा करत राहते. मूल लगेच गुदमरत नाही, पण श्वासाबरोबर खरोखरीची शिट्टी ऐकू येते. काही वेळाने ठसका थांबतो आणि पालक निर्धास्त होतात. प्लॅस्टिक साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ यावर विषय संपवू नये. खेळताना अचानक ठसका लागला होता, ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुर्बिणीने ती वस्तू काढता येते, पण उशीर झाला तर त्या बाजूच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो.

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज फुटत नसेल, खोकता येत नसेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब, असे आलटून पालटून द्या. वर्षावरील मुलाला पाठीवर थापा दिल्यानंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने झटके द्या. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपडून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. तीन वर्षांखालच्या मुलांना सुटे भाग असलेली वाजणारी खेळणी आणि शेंगदाणे देऊ नका.

स्पेसरबद्दलही एक सूचना. काही स्पेसरमध्ये श्वास फार जोरात ओढला तर शिट्टी वाजते. मुलांना ते वाजवण्यात गंमत वाटते आणि पालकांनाही शिट्टी वाजली म्हणजे औषध गेले असे वाटते. ती शिट्टी ‘हळू घे’ असे सांगत असते. शिट्टी न वाजता सावकाश घेतलेला श्वासच औषध खोलवर नेतो.

वाद्य घेताना, वाजवताना

मुलासाठी बासरी किंवा शिट्टी घ्यायची असेल तर मोठी, जाड नळी घेऊन ‘मोठा झाल्यावर उपयोगी पडेल’ असा विचार करू नका. लहान बोटांनी मोठी भोके झाकली जात नाहीत, आणि रुंद नळीला जास्त श्वास लागतो. सुरुवातीला मूल जोरजोरात फुंकते आणि चक्कर आल्याची तक्रार करते. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून असे होते. थोडे थांबले की बरे वाटते. कमी रुंदीच्या नळीवर सुरुवात करावी आणि हात व श्वास वाढेल तशी बासरी वाढवावी. दमा आटोक्यात असलेल्या मुलाने बासरी शिकायला हरकत नाही, पण ती औषधांची जागा घेत नाही.

वाजवून झाल्यावर नळी आतून पुसून कोरडी करा. श्वासातली वाफ आत थेंब होऊन साठते. त्याने सूर तर बिघडतोच, शिवाय बुरशी वाढते. २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील ६१ वर्षांच्या एका बॅगपाइप वादकाची नोंद आली होती. कित्येक वर्षे त्याला खोकला आणि दम लागत होता. तीन महिने वाद्य घरी ठेवून तो ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याला बरे वाटले. वाद्याच्या आत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. दुर्दैवाने तो वाचला नाही. बासरीत पिशवी नसते, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण फुंकायचे वाद्य एकमेकांना उष्टे देऊ नये, आणि वादकाला अनेक आठवडे खोकला असेल तर आपण काय वाजवतो हे डॉक्टरांना सांगावे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात आपल्याकडे क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.